लिनिअरमधली व्होल्टेजं: ८०७च्या जोडीची एचटी, स्क्रीन आणि बायस कशी बसवायची

हॅम मंडळींत, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांत, एक समजूत पक्की रुजली आहे. लिनिअरचा (ट्रान्समीटरची पॉवर वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरचा) आवाज फाटतोय, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर स्प्लॅटर, म्हणजे सांडलेला आवाज, जातोय, तर एचटी (प्लेटचं हाय टेन्शन व्होल्टेज) वाढवा. यात अर्धं तथ्य आहे. उरलेल्या अर्ध्यापायी बरेच व्हॉल्व्ह भंगारात गेले आहेत. टेट्रोडच्या, म्हणजे कॅथोड, ग्रिड, स्क्रीन आणि प्लेट असलेल्या व्हॉल्व्हच्या, लिनिअरमध्ये प्लेटचं व्होल्टेज सगळ्यात मोठं आणि सगळ्यात धोक्याचं असतं, पण लिनिअ‍ॅरिटीच्या (सिग्नल आकार न बदलता मोठा होण्याच्या) बाबतीत तेच सगळ्यात सोशिक. स्क्रीनचं व्होल्टेज अजिबात सोसत नाही. बायस, म्हणजे ग्रिडला दिलेलं स्थिर उणे व्होल्टेज, त्या दोहोंच्या मधे येतो. म्हणून पैसे आणि मेहनत आधी कुठे घालायची हे ठरवायचं तर क्रम असा: स्क्रीन, बायस, हीटर आणि मग प्लेट.

उदाहरणासाठी ८०७ घेतो. आरसीएने हा व्हॉल्व्ह १९३६ साली काढला. तो ६एल६चाच भाऊ, फक्त प्लेटची टोपी डोक्यावर. चार व्हॉल्व्ह जोडून मोठी पॉवर काढणारेही आहेत, पण शिकायला समांतर जोडलेली जोडी पुरते. क्लास एबी१, म्हणजे ग्रिड करंट शून्य. प्लेटला ७५० व्होल्ट, स्क्रीनला ३००, ग्रिडला उणे ३५च्या आसपास. ७५० हे ८०७चं अधूनमधून वापराचं रेटिंग आहे आणि एसएसबी (कॅरिअर, म्हणजे अखंड वाहक लहर, गाळून पाठवलेलं बोलणं) त्यात बसतं. कॅरिअर तासन्‌तास सोडून ठेवायचा असेल तर ६००च्या वर जाऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नंतर वाचायला कुणी उरला पाहिजे. ७५० व्होल्ट आणि ५० मायक्रोफॅरड हे माणूस मारायला पुरेसं आहे. ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, असलाच पाहिजे, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मेन्सचा प्लग सॉकेटमधून काढा, मीटरवर एचटी शून्याला आलेली पाहा, मग इन्सुलेटेड काठीला बांधलेल्या वायरने, तिच्यात १०० ओहमचा जाड रेझिस्टर घालून, कपॅसिटर जमिनीला टेकवा. हात त्यानंतर आत घालायचा, आणि तोही एकच.

प्लेट व्होल्टेज नेमकं काय करतं

८०७चे प्लेटचे वक्र समोर ठेवा. स्क्रीन ३००वर असताना प्लेट साधारण १०० व्होल्टपर्यंत खाली आली तरी करंट जवळजवळ सपाट राहतो. त्याखाली वक्र वळतो आणि करंट कोसळतो, कारण प्लेटकडे निघालेले इलेक्ट्रॉन स्क्रीनकडे वळतात. आवाजाच्या शिखरावर ग्रिड सगळ्यात वर असते आणि त्याच क्षणी प्लेट सगळ्यात खाली. त्या क्षणी प्लेट वळणाच्या वर राहिली तर लिनिअर, वळणात शिरली तर माथा सपाट. एचटीचा लिनिअ‍ॅरिटीशी असलेला मुख्य संबंध एवढाच.

आता आकडे. जोडीचा पूर्ण सिग्नलवरचा प्लेट करंट एबी१मध्ये सुमारे १४० मिलिअँपिअर. याला १.५७ने गुणलं की आरएफ करंटचं शिखर मिळतं, अंदाजे २२० मिलिअँपिअर. एचटी ४०० असेल तर प्लेटला खाली यायला ३०० व्होल्टची जागा आहे. ३०० गुणिले ०.२२ भागिले २, म्हणजे ३३ वॅट. ६००वर जागा ५०० व्होल्ट आणि पॉवर ५५ वॅट. ७५०वर ६५० व्होल्ट आणि ७१ वॅट. करंट तिन्ही वेळा तोच आहे, कारण तो स्क्रीन आणि ग्रिड ठरवतात. एचटीने फक्त हलायला जागा दिली.

या जागेचा खरा फायदा पूर्ण पॉवर काढताना दिसत नाही, थोडी कमी पॉवर घेताना दिसतो. समजा तुम्हाला ५० वॅट पुरे आहेत. ६०० व्होल्टवर लोड (जागा भागिले करंट, म्हणजे ५०० भागिले ०.२२) २२७० ओहमला बसवलेला असेल तर ५० वॅटला प्लेट ४७७ व्होल्ट खाली येते. उरले १२३, वळण हाताच्या अंतरावर. ७५० व्होल्टवर, लोड २९५० ओहम धरला, तर त्याच ५० वॅटला प्लेट ५४४ व्होल्ट खाली येते आणि २०६ उरतात. वळणापर्यंत शंभराहून जास्त व्होल्ट मोकळे. एवढ्या फरकाने स्प्लॅटर कमी होतो, पण एका अटीवर: एचटी वाढवल्यावर लोडही नव्याने बसवला पाहिजे आणि वाढलेल्या पॉवरचा मोह आवरला पाहिजे. बहुतेकांचं घोडं या दुसऱ्या अटीपाशी अडतं.

एचटी वाढवण्याची किंमतही असते. पन्नास मिलिअँपिअर विश्रांती करंटला (सिग्नल नसतानाच्या करंटला) ६०० व्होल्टवर जोडी ३० वॅट उष्णता सोसते, ७५०वर साडेसदतीस. प्लेट लाल होऊ नये म्हणून मग आपण बायस खोल करतो, विश्रांती करंट उतरतो, आणि हळू आवाजातली लिनिअ‍ॅरिटी बिघडते. शिखरं सुधारली, पायथा बिघडला. त्यामुळे ‘जितकी जास्त एचटी तितकं चांगलं’ हे सूत्र मी कुणाला देत नाही.

पायरी १: मेन्स आणि हीटर

गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की लाइन २३०वरून २००वर येते. तेव्हा ६.३ व्होल्टचा हीटर ५.५वर येतो आणि ७५०ची एचटी ६५०वर. ८०७ला हीटरमध्ये दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. त्याखाली कॅथोड शिखरांना लागणारे इलेक्ट्रॉन पुरवू शकत नाही. स्कोपवर माथा सपाट दिसतो आणि माणूस लोडिंगशी झटत बसतो.

हीटरचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर मोजू नका, बेसच्या पिनांवर मोजा. जोडीला १.८ अँपिअर लागतात आणि बारीक वायरमध्ये अर्धा व्होल्ट सहज हरवतो. सर्व्हो स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. रिलेवाला स्टॅबिलायझर बोलता बोलता ‘टक’ करून टॅप बदलतो आणि एचटी एकदम उडी मारते. सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) हीटरसाठी चांगला, पण त्याच्या आउटपुटचा माथा चपटा असतो, त्यामुळे कपॅसिटर-इनपुट एचटी हिशेबापेक्षा कमी निघते. हे माहीत नसलं की ट्रान्सफॉर्मर वाइंडरला उगाच बोल लावला जातो.

पायरी २: बायस

बायससाठी वेगळं छोटं वाइंडिंग, रेक्टिफायर, फिल्टर आणि झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड). उणे ५० व्होल्टच्या आसपास स्थिर करा आणि पोटेन्शिओमीटरने उणे ३५ काढा. पोटचा सरकता हात कधीतरी सुटतोच. म्हणून त्या हातापासून पोटच्या उणे टोकाला ४७ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. हात सुटला तर ग्रिड पूर्ण उणेकडे जाईल आणि व्हॉल्व्ह बंद होईल. हा रेझिस्टर नसेल तर ग्रिड शून्यावर येते आणि पुढचं प्लेटच्या रंगावरून कळतं.

एबी१मध्ये ग्रिड करंट नसल्यामुळे बायस सप्लायला फार ताकद लागत नाही. इनपुटला सरळ ५० ओहमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर जमिनीला लावून त्यावरून ग्रिडला ड्राइव्ह देणं हा सोपा मार्ग. ३५ व्होल्टच्या शिखराला १२ वॅट लागतात. शंभर वॅटचा रिग (ट्रान्समीटर) असेल तर पॉवर आधी खाली आणा. ग्रिडच्या मिलिअँमीटरचा काटा जरा जरी हलला तरी एबी१ संपलं असं समजा.

दोन्ही ग्रिडना सॉकेटपाशीच ४७ ओहम आणि दोन्ही स्क्रीनना १०० ओहमचे कार्बन रेझिस्टर लावायला विसरू नका. ८०७ला परस्पर व्हीएचएफवर ऑसिलेट व्हायची खोड आहे. ऑसिलेट होणाऱ्या स्टेजवर व्होल्टेज आणि लिनिअ‍ॅरिटी पाहत बसणं म्हणजे वेळ वाया.

पायरी ३: स्क्रीन

या पायरीवर घाई करू नका. लेखातलं महत्त्वाचं ते इथेच आहे.

जुन्या एएम आणि सीडब्ल्यू (मोर्स) ट्रान्समीटरांत स्क्रीनला एचटीवरून एक ड्रॉपिंग रेझिस्टर असायचा. क्लास सीमध्ये ते चालतं. तीच पद्धत एसएसबी लिनिअरमध्ये आणली की घोळ होतो. तुम्ही गप्प असता तेव्हा स्क्रीन करंट जवळजवळ शून्य, म्हणून रेझिस्टरमध्ये काहीच गळत नाही आणि स्क्रीन ३००च्या मर्यादेच्या कितीतरी वर चढते. बोलायला लागलात की शिखरावर स्क्रीन करंट वाढतो आणि व्होल्टेज खाली येतं. म्हणजे नेमका जिथे जोर हवा तिथेच व्हॉल्व्हचा गेन कमी.

किती फरक पडतो तो हिशेबानेच पाहा. व्हॉल्व्हमधला करंट ग्रिड आणि स्क्रीनच्या एकत्रित व्होल्टेजच्या दीडाव्या घाताने बदलतो. ८०७मध्ये स्क्रीनचा प्रभाव ग्रिडच्या एक-अष्टमांश. स्क्रीन ३००वरून २७०वर आली तर ते बायस पावणेचार व्होल्टने खोल केल्यासारखंच. ग्रिड शून्याला पोचते त्या क्षणी ०.९चा दीडावा घात म्हणजे ०.८५. दहा टक्के स्क्रीन गेली आणि शिखराचा करंट पंधरा टक्के घटला. प्लेटचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर करंट जवळजवळ हलत नाही, फक्त खालची जागा कमी होते. हा फरक ज्याने मनात पक्का केला त्याला लिनिअरचा निम्मा धडा आला.

४सीएक्स२५०बी हा टेट्रोड वापरणाऱ्यांना हे अधिक जाणवेल. तिथे स्क्रीनचा प्रभाव ग्रिडच्या एक-पंचमांश आहे. वर, स्क्रीन करंट कधी कधी उणे होतो, म्हणजे व्हॉल्व्ह स्क्रीन सप्लायकडे उलटा करंट ढकलतो. साधा सिरीज रेग्युलेटर तो गिळू शकत नाही आणि स्क्रीन वर चढत जाते. म्हणून शंट रेग्युलेटर (जास्तीचा करंट स्वतःतून जमिनीला नेणारा) किंवा भरपूर ब्लीडर हवा.

८०७साठी सोपा शंट म्हणजे दोन व्हीआर१५० गॅस ट्यूब सिरीजमध्ये. प्रत्येकीवर १५० व्होल्ट, एकूण ३००. त्यांना ५ ते ४० मिलिअँपिअरच्या मधे ठेवायचं. ७५० व्होल्टवरून १५ किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावला तर ४५० भागिले १५०००, म्हणजे ३० मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये साडेतेरा वॅट जळतात, तेव्हा २५ वॅटचा घ्या आणि हवा लागेल असा बसवा. आता कसोटी: बोलताना एचटी ६९०वर आली आणि जोडीने स्क्रीनला १६ मिलिअँपिअर ओढले. रेझिस्टरमधून येतात २६, ट्यूबना उरतात १०. जांभळी चमक विझत नाही, म्हणजे स्क्रीन बांधलेली आहे. ही चमक हा फुकटचा मीटर आहे. जोरात ‘हॅलो’ म्हटल्यावर ती विझत असेल तर रेझिस्टर कमी करा.

गॅस ट्यूब मिळाल्या नाहीत तर ७५ व्होल्ट, ५ वॅटचे चार झेनर सिरीजमध्ये लावा. प्रत्येकात सव्वादोन वॅट जळतील, पाय जरा लांब ठेवा. स्क्रीनच्या वाटेत ३० मिलिअँपिअरचा मीटर असू द्या. लोडिंग करताना प्लेटच्या मीटरपेक्षा तोच जास्त बोलतो.

एक नियम कधी मोडू नका: प्लेटला एचटी नसताना स्क्रीनला व्होल्टेज देऊ नका. सगळा कॅथोड करंट स्क्रीनवर जातो आणि ती काही सेकंदांत जळते. चालू करताना हीटर, बायस, प्लेट, स्क्रीन, ड्राइव्ह. बंद करताना उलट. वरच्या पद्धतीत स्क्रीन एचटीवरूनच येत असल्याने एचटीचा फ्यूज उडाला तर स्क्रीनही जाते. स्वतंत्र स्क्रीन सप्लाय असेल तर हे काम रिलेला सांगा.

पायरी ४: एचटी किती बसते ते मोजा

साधा मल्टिमीटर ७५० व्होल्टवर हातात धरून फिरवू नका. १ मिलिअँपिअरचा पॅनेल मीटर आणि सिरीजमध्ये १०० किलोओहमचे दहा रेझिस्टर, झाला १००० व्होल्टचा कायमचा मीटर. फिल्टरला १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर १०० किलोओहम ३ वॅट. हे रेझिस्टर नसतील तर गळका कपॅसिटर व्होल्टेज दुसऱ्यावर ढकलतो. यांच्याशिवाय ब्लीडर वेगळा लावाच.

विश्रांतीत एचटी किती आणि पूर्ण सिग्नलवर किती, दोन्ही लिहून ठेवा. पाच टक्के घट उत्तम, दहापर्यंत चालवून घ्या. ७५०ची ६७५ होत असेल तर प्लेटला खाली यायला ६५०ऐवजी ५७५च राहिले आणि ७१ वॅटसाठी बसवलेला लोड ५५ वॅटच्या पुढे माथा कापायला लागेल. घट कमी करायला जाड तारेचा ट्रान्सफॉर्मर हवा. नुसते कपॅसिटर वाढवून छोटी शिखरं सावरतात, लांब ‘आऽऽ’ सावरत नाही.

पायरी ५: लोड

लोडचा आकडा वर निघालाच आहे: ६५० भागिले ०.२२, म्हणजे २९५० ओहम. क्यू (सर्किट किती तीक्ष्ण ट्यून होतं तो आकडा) १२ धरून ७.१ मेगाहर्ट्झला पाय (π) नेटवर्कचा, म्हणजे प्लेट आणि अँटेना जुळवणाऱ्या सर्किटचा, प्लेटकडचा कपॅसिटर ९० पिकोफॅरड, कॉइल ६.१ मायक्रोहेन्री, अँटेनाकडचा कपॅसिटर सुमारे ५३० पिकोफॅरड. व्हॉल्व्हचे स्वतःचे १४ पिकोफॅरड प्लेटकडच्या आकड्यातून वजा करा. एचटी ६००वर आणलीत तर लोड २२७० ओहम होतो आणि तोच कपॅसिटर ११८च्या आसपास लागतो. जुनीच कॉइल आणि जुनीच खूण ठेवून एचटी बदलणाऱ्याला वाईट निकाल मिळाला तर दोष व्होल्टेजचा नाही.

लोडिंग हलकं असलं तर स्क्रीन मीटर चढतो. प्लेट वळणात शिरते आहे, अँटेनाकडचा कपॅसिटर थोडा उघडा. लोडिंग जड असलं तर प्लेट करंट चढतो, स्क्रीन उतरते, पॉवर किंचित कमी पण आवाज स्वच्छ. शंका आली तर जड बाजूला राहा.

पायरी ६: दोन टोनची परीक्षा

७०० आणि १९०० हर्ट्झ, सारख्याच उंचीचे दोन टोन माइकच्या जागी द्या. फोनवरचं टोन जनरेटर चालतं, फक्त रिगचा कॉम्प्रेसर बंद ठेवा. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) ४.७ किलोओहम २ वॅटचा कार्बन आणि खाली १०० ओहम असा डिव्हायडर लावा. ७० वॅटला स्कोपवर पावणेदोन व्होल्टचं शिखर दिसेल.

चित्र गाठी मारलेल्या दोरीसारखं दिसतं: फुगा, गाठ, फुगा, गाठ. गाठीपाशी दोन्ही बाजू सरळ तिरक्या रेषांनी एकमेकांना छेदल्या पाहिजेत. तिथे चपटी मान दिसली तर बायस खोल आहे, विश्रांती करंट ३० मिलिअँपिअरवरून ४०-५०वर आणा. फुग्याचा माथा चपटा झाला तर क्रमाने तपासा: ग्रिड करंट आला का, व्हीआर ट्यूबची चमक विझली का, एचटी किती पडली, लोडिंग हलकं आहे का, हीटर किती आहे. या क्रमात जवळजवळ सगळे रोग सापडतात.

मग प्लेटच्या जागेचा अंदाज हातानेच घ्या. ५० वॅट पीईपीवर (शिखराच्या पॉवरवर) ड्राइव्ह स्थिर ठेवून फक्त एचटी ट्रान्सफॉर्मर डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) घ्या, हीटर आणि बायस वेगळे ठेवा. एचटी हळूहळू उतरवा. हिशेब बरोबर असेल तर ६५०पर्यंत चित्र हलणार नाही आणि ६४०-६५०च्या दरम्यान माथा चपटा व्हायला लागेल. आता एचटी पुन्हा ७५०वर न्या आणि सगळं बंद करून, डिस्चार्ज करून, चार झेनरपैकी एकाच्या जागी ४७ व्होल्टचा बसवा. स्क्रीन २७२ झाली. फक्त २८ व्होल्ट कमी, पण विश्रांती करंट उतरलेला आणि गाठीपाशी मान चपटी झालेली लगेच दिसेल. प्लेटने शंभर व्होल्ट सोसले, स्क्रीनने अठ्ठावीस सोसले नाहीत.

आकडा हवा असेल तर आरटीएल-एसडीआर हा संगणकाला लावायचा छोटा रिसिव्हर पुरतो. डिव्हायडरनंतर आणखी सुमारे ६० डीबी अ‍ॅटेन्युएशन द्या. दोन टोनच्या बाजूला १२०० हर्ट्झ अंतरावर तिसऱ्या क्रमाची उत्पादनं (दोन टोन मिसळून तयार झालेले नको असलेले सिग्नल) दिसतील. एका टोनपेक्षा ती ३० डीबी खाली असतील तर कामचलाऊ, ३५ असतील तर छान. कुणी ४१ सांगितले तर पीईपीच्या तुलनेत सांगतोय का ते विचारा, त्या मोजणीत आकडा ६ डीबीने देखणा होतो. आणखी १० डीबी अ‍ॅटेन्युएटर घातल्यावर टोन आणि उत्पादनं दोन्ही सारखीच १० डीबीने खाली आली पाहिजेत. उत्पादनं जास्त खाली गेली तर दोष रिसिव्हरच्या ओव्हरलोडचा आहे, लिनिअरचा नाही. रिगचं आउटपुटही लिनिअरशिवाय एकदा असंच मोजा. रिगच घाण सोडत असेल तर लिनिअर ती इमानेइतबारे मोठी करून देतो.

ट्रायोडवाल्यांसाठी

ग्राउंडेड-ग्रिड (ग्रिड जमिनीला, ड्राइव्ह कॅथोडला) ३-५००झेड या ट्रायोडमध्ये स्क्रीनच नाही, त्यामुळे वरचा क्रम तिथे बदलतो. ट्रायोडमध्ये प्लेट व्होल्टेज करंटवर थेट परिणाम करतं. ३-५००झेडचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १३०च्या घरात आहे. एचटी २५००वरून ३५००वर नेली तर ते ग्रिडला जवळजवळ ८ व्होल्ट वर उचलल्यासारखं होतं आणि विश्रांती करंट भरमसाट वाढतो. म्हणून जास्त एचटीवाल्या लिनिअरमध्ये कॅथोडच्या वाटेत ८.२ व्होल्टचा जाड झेनर असतो. तो न लावता नुसती एचटी वाढवली तर विश्रांतीतच प्लेट तापते. लावून बायस फार खोल केलात तर गाठीपाशी मान चपटी होते. विश्रांती करंट डेटाशीटमधल्या आकड्याला आणा आणि दोन टोनची परीक्षा पुन्हा घ्या.